निवळीचा डावा बूट

"हे टेबल आहे, तिजोरी नाही," टाचणीनं मला पहिल्याच शनिवारी बजावलं होतं. "इथे तोंडातून जे निघेल ते गोष्टीत जाणार, आणि गोष्ट कुणा एकाची नसते. मागाहून 'माझं, माझं' करणार असशील तर आत्ताच ऊठ."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अगं, खेळायला आलेय, वाटणी मागायला नाही. फासा दे इकडे."

चार वर्षं झाली त्याला. तेव्हा मला मूल नव्हतं, पुरेशी झोप होती, आणि हेवा करावा असं आजूबाजूला काही दिसतही नव्हतं.

टाचणी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अंगकाठीवरून हे नाव पडलं आणि जिभेनं ते टिकवलं. मी रसायनशास्त्र शिकून रंगाच्या कारखान्यात लागले, छटा जुळवायच्या कामावर; ती दातांच्या कवळ्या बनवायला शिकली. शनिवारी तीन वाजता काम संपलं की तिच्या कार्यशाळेतल्या लांब टेबलावरचे साचे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि अर्धवट हसणारे दात ती एका बाजूला सारायची, आणि आम्ही चौघं चार उंच स्टुलांवर चढून बसायचो.

खेळ साधा आहे. एक जण गोष्ट सांगतो. त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो, आणि ती टाचणीच असायची. बाकीचे एकेक पात्र होऊन बसतात. सूत्रधार म्हणतो, पुढे अंधारी पायवाट आहे, काय करतेस? आपण सांगायचं. ते जमतं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर वाहवा, एक किंवा दोन पडले तर संपलंच. कुणी गैरहजर असेल तर त्याचा फासा त्याच्या उजव्या हाताला बसणाऱ्यानं टाकायचा. हा नियम जगात इतरत्र आहे की नाही मला माहीत नाही. आमच्या टेबलाचा होता.

माझ्या उजव्या हाताला काटेकाका बसायचे. सत्तरीचे, एकटे. दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान आहे. आमच्यात हे कसे, असं कुणीही विचारेल. टाचणीचा मेण तोलायचा काटा दुरुस्त करायला आले, खेळ चाललेला पाहिला, तासभर उभेच राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तुमचा फासा खोटा आहे. सातावर जास्त पडतोय." मग तो फासा त्यांनी मिठाच्या दाट पाण्यात तरंगत सोडला, बोटानं फिरवला, आणि खरंच, दरवेळी सातच वर. पुढच्या शनिवारी नवा फासा घेऊन हजर झाले आणि कुणी न सांगता स्टूल ओढून बसले. चौथा टाचणीचा भाऊ. तो रुग्णवाहिका चालवतो. खेळात तो योद्धा होता, आणि दिवसभर ब्रेक दाबून दाबून कंटाळलेला असल्यामुळे कुठल्याही दारावर सरळ धडकायचा.

माझी होती निवळी.

चुन्याचं पाणी ठेवून दिलं की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं ना, ती निवळी. तिचं कामच ते. गावोगावच्या विषारी विहिरी स्वच्छ करत हिंडणारी बाई. कुणावर विश्वास नाही. पेला पुढे आला की आधी हुंगणार, मग एक थेंब नखावर घेणार. दार असेल तर तीन प्रश्न विचारणार. टाचणीचा भाऊ वैतागायचा, "अगं बाई, तोवर आतला राक्षस म्हातारा होईल!" पण तीन वर्षांत निवळीमुळे आमचं कुणी मेलं नव्हतं. तिचं चालणं, तिचा फाटका झोळा, रागावली की आवाज न चढवता खाली आणायची तिची पद्धत, सगळं माझं. सगळं, म्हणजे, टेबलावर बोललेलं.

मग एका शनिवारी मी दवाखान्यात होते. मुलगी दुपारी चारच्या सुमारास झाली. त्याच वेळी तिकडे खेळात आमची मंडळी एका मिठाच्या दारापाशी पोहोचली होती, आणि माझा फासा काकांच्या हातात होता.

दोन पडले.

तिसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले. बाळाला पाहिलं, बोटानं तिची मूठ मोजल्यासारखी केली, आणि एकदम म्हणाले, "पोरी, तुझी बाई माझ्या हातून गेली गं."

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण ताडकन उठून बसली. नर्सनं मला विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही हो, खेळातली." नर्स आमच्या दोघांकडे बघत गेली ती डॉक्टरांनाच बोलवायला गेली असावी.

काकांनी मला सगळं सांगितलं. "मी तुझ्यासारखंच खेळलो. उगाच नाही पुढे घातली तिला. मी म्हटलं, निवळी आधी डावा बूट काढेल. उघड्या तळव्यानं जमिनीची ओल चाचपेल. सूत्रधारबाई म्हणाल्या, बरोबर, ती असंच करेल. मग फासा टाकला." त्यांनी रिकामा तळहात माझ्यापुढे धरला. "दोन. काय करणार? फासा खरा होता. मीच तपासलेला."

मी रडले नाही. बाळंतपणात रडायला इतकी कारणं असतात की निवळीचा नंबर लागला नाही. टाचणी फोनवर म्हणाली, "ये तू सावकाश, नवं पात्र करू." मी गेलेच नाही. बाळ, दूध, लंगोट, ताप आहे का, श्वास चालू आहे ना हे बघायला तिच्या नाकाशी धरलेलं बोट... शनिवार माझ्याशिवाय चालू राहिले. मी मात्र दर गुरुवारी काकांच्या दुकानात जायचे, मुलीचं वजन करायला. डॉक्टर म्हणाले होते, महिन्यातून एकदा पुरे. मला पुरत नव्हतं. काका मोठ्या पारड्यात मऊ दुलई घालायचे, आधी दुलईचं वजन वजा करायचे, आणि आकडा एका वहीत लिहायचे. "वाढतेय, बाई, वाढतेय. तुझाच काटा हललाय, तिचा ठीक आहे."

मुलगी नऊ महिन्यांची झाली आणि टाचणीची कादंबरी आली. 'मिठाचं दार'.

टाचणी दर शनिवारनंतर घरी जाऊन लिहीत होती हे आम्हाला माहीत होतं. पण लिहिणं वेगळं, आणि चारशे पानांचं, जाड कव्हराचं, वास येणारं पुस्तक हातात पडणं वेगळं. पहिल्याच पानावर ओळ होती: 'टेबलावरच्या सगळ्यांना.' दोन शब्द. मी पान उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का. कोरं होतं.

वाचकांची मतं पडतात त्या संकेतस्थळावर मी दिवसातून किती वेळा जायचे ते सांगत नाही. एका हातात बाटली, दुसऱ्यात फोन. मतं अशी, की एकाच पुस्तकाबद्दल आहेत यावर विश्वास बसू नये. 'निवळी गेली त्या पानावर पुस्तक मिटून मी दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसलो. पाच तारे.' त्याच्या खाली, 'लढाईत सगळे इतक्या शिस्तीत आपापली पाळी येईपर्यंत थांबतात की मला न्हाव्याचं दुकान आठवलं. दोन तारे.' कुणी म्हणे, 'दर दहा पानांनी दार. उघडलं की आत आणखी एक दार. लेखिकेच्या घरी सुतारकाम चालू होतं का?' कुणी म्हणे, 'पुस्तक सुंदर आहे, पण पार्सल ओलं आलं. एक तारा.' एकानं लिहिलं होतं, 'हे खेळावरून रचलंय ते लपत नाही. माणसं जगत नाहीत, फासे टाकतात.' त्याला दुसऱ्यानं खाली उत्तर दिलं होतं, 'तुम्ही काय करता मग?'

वाईट मतं वाचली की मला बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं. छातीतलं ओझं जरा उतरायचं, बाळाला मी जास्त गोड हाका मारायचे. आणि चांगलं मत दिसलं की दुपार नासायची.

त्यातलं एक तर मी पाठच केलं: 'निवळीसारखी बाई निव्वळ कल्पनेतून उभी करणं येरागबाळ्याचं काम नाही. लेखिकेला सलाम.'

लेखिकेला! झोळा माझा, नखावरचा थेंब माझा, आवाज खाली आणणं तर माझ्या आईचं. आणि सलाम टाचणीला. मासिकात तिचा फोटो आला होता, स्वच्छ हात टेबलावर ठेवून बसलेली. माझ्या खांद्यावर तेव्हा दुधाची गुळणी वाळत होती. नवऱ्याला फोटो दाखवला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर स्वतः वर-खाली करून मनानं समतोल राहतो. "छान आलाय की," म्हणाला.

"छान काय त्यात?"

"बरं, वाईट आलाय," म्हणाला आणि बूट घालून कामाला गेला.

कळस केला नणंदेनं. ती रविवारी आली आणि पिशवीतून 'मिठाचं दार' काढलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"वाचलंस? बरं आहे. पण ती निवळी मेली ते बरंच झालं बाई. काय तो शहाणपणा! प्रत्येक पेल्यात नाक खुपसायचं. असल्या बाईबरोबर कोण प्रवास करेल?"

नवरा पाणी पिता पिता ठसकला.

"ताई, ती सावध असते," मी म्हटलं.

"सावध वेगळं, संशयी वेगळं. अगं, ती बाटली किती वेळ उकळतेस? रबराचा वास सुटला."

त्या सोमवारी दुपारी मुलगी माझ्या डाव्या दंडावर झोपली होती. मी उजव्या अंगठ्यानं 'साधी वाचक' या नावानं खातं उघडलं आणि एका दमात लिहून टाकलं:

'दोन तारे. सगळ्या पुस्तकात निवळी एवढीच जिवंत, आणि नेमकं तिलाच लेखिकेनं वाऱ्यावर सोडलं. जी बाई डावा बूट काढून उघड्या तळव्यानं जमिनीची ओल चाचपते, मगच पाऊल टाकते, ती असल्या दाराला बळी पडेल? याला मरण म्हणत नाहीत. लेखिकेला तिचा कंटाळा आला, एवढंच.'

संध्याकाळपर्यंत चाळीस जणांना ते पटलं होतं. आठवड्याभरात दोनशेच्या वर. माझंच मत सगळ्यांत वर दिसायला लागलं. 'अगदी मनातलं बोललात,' 'खरंच, कंटाळा आलेला जाणवतो,' 'दुसरा भाग येणार असेल तर मी नाही घेणार.' मी एकेक वाचत होते आणि खरं सांगते, मुलगी झाल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी कुणीतरी विचारलं, 'हा बूट कोणत्या पानावर आहे? मी दोनदा वाचलं, सापडला नाही.'

मी पुस्तक उघडलं. एकोणिसावं प्रकरण. दार आहे, मीठ आहे, निवळी पुढे होते, हात लावते. बूट नाही. पुन्हा वाचलं. नाहीच. काकांनी सांगितलं तेव्हापासून तो बूट मला इतका स्वच्छ दिसत होता की तो छापलेला नाही हे लक्षातच आलं नाही. पुस्तकावर मत द्यायला गेले आणि मत दिलं टेबलावर.

दुसऱ्या दिवशी टाचणी घरी आली. पुस्तक आल्यापासून पहिल्यांदाच. मुलीच्या गालाला हात लावला, न विचारता खुर्चीत बसली. हिरवट, झोप न झालेला रंग.

"वाचलंस ते?"

"काय?"

"बुटाचं. अगं, बूट पुस्तकात नाही. बूट टेबलावर होता. त्या दिवशी टेबलावर आम्ही तिघंच होतो. भाऊ माझा दोन ओळींच्या वर टाईप करत नाही, त्यातही एक ओळ शिवी असते." तिनं मोजत एकेक बोट मिटलं. "राहिलं कोण?"

मी मुलीचं झबलं नीट करायला लागले.

"तुला तरी काय माहीत म्हणा," ती म्हणाली. "तू तर त्या दिवशी नव्हतीसच."

इथे मी सांगायला हवं होतं. जागा होती, वेळ होता, ती समोर होती. मी म्हटलं, "हो ना."

"प्रकाशक म्हणतो, तीन महिने वाचकांचा कल बघू, मग दुसऱ्या भागाचं ठरवू. आणि वर काय दिसतं? हे. काकांना मी चार वर्षं मानलं गं. तोंडावर 'वा सूत्रधारबाई', आणि मागे हे? विचारतेच आता."

ती गेल्यावर मी मुलीला उगाच उठवलं आणि उगाच झोपवलं. मनात म्हणत राहिले, काका नाही म्हणतील. मग टाचणीला वाटेल, कुणाला तरी सांगितलं असेल कुणी. विरून जाईल.

दोन तासांनी तिचा फोन आला. "कबूल केलं त्यांनी."

"काय?"

"म्हणाले, हो, मीच. सांगितलं, आता शनिवारी येऊ नका. उठले, टोपी घातली, गेले. निदान खोटं तरी बोलले नाहीत."

त्या गुरुवारी मी दुकानात गेले. काकांनी नेहमीसारखी दुलई घातली, वजन वजा केलं, मुलीला ठेवलं, तिला हसवलं, आकडा लिहिला. मग वहीवरून डोळे न उचलता म्हणाले, "बुटाचं मी एकीलाच सांगितलं होतं."

मी रडायला लागले. मुलगीही, मला बघून.

"गप, गप. एकीनं तरी गप्प बसा. गिऱ्हाईक येईल, म्हणेल म्हाताऱ्यानं मापात मारलं."

"काका, मी आज सांगते तिला."

"काही सांगायचं नाही. तुझी बाई माझ्या हातून गेली. तुझी एवढीशी पोर, मैत्रीण एकच. तुला अजून त्या स्टुलावर बसायचंय. माझं काय? शनिवारी झोपेन दुपारी."

"पण तुम्ही केलंच नाही!"

"फासा तरी मी कुठे मुद्दाम दोनवर पाडला होता?" ते म्हणाले. "जा. सव्वाशे ग्रॅम वाढलीये. काळजी करू नकोस."

आणि मी गेले. ऐकलं त्यांचं. पाच आठवडे ऐकलं. आणखी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे कुणाला माझी उगाच दया यायला नको. शनिवार बंद पडल्याचं मला मनातून बरं वाटत होतं. काका नाहीत म्हणून टाचणीचा भाऊही यायचा थांबला होता. चार स्टुलं रिकामी. माझ्याशिवाय चाललेला खेळ आता कुणाशिवायच चालत नव्हता. दुपारी तीन वाजले की मी घड्याळ बघायचे आणि माझ्या आत कुणीतरी म्हणायचं, बरं झालं.

मग टाचणी पुन्हा आली, आणि या वेळी खुशीत. मतं उलटीसुलटी पडली होती, भांडणं लागली होती आणि भांडणामुळे पुस्तक आणखी खपलं होतं. बुटावरून तर लोकांनी पुस्तक विकत घेऊन शोध चालवला होता. प्रकाशकानं दुसऱ्या भागाला होकार दिला होता.

"आणि खलनायकही मिळाला," ती म्हणाली. "ऐक. बाजारात एक म्हातारा तोलदार. सगळे त्याला देवमाणूस समजतात. पारड्याखाली मेण लावून ठेवलेलं असतं. गोड बोलून आयुष्यभर लोकांना मापात मारत आलेला. शेवटी वाचकांना कळतं. बघ, काय शिव्या घालतील त्याला! पहिली तीन प्रकरणं झालीसुद्धा."

ज्या माणसानं आमचा सातावर पडणारा फासा सहन केला नाही, जो दुलईचं वजन वजा केल्याशिवाय लेकराचा आकडा लिहीत नाही, त्याच्या पारड्याला मेण. चारशे पानं. आणि हजारो लोक तारे देत बसणार.

"टाचणे," मी म्हटलं, "साधी वाचक मी आहे."

ती हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि हसू तसंच अर्धवट राहिलं, तिच्या टेबलावरच्या दातांसारखं.

मी सगळं सांगितलं. दवाखाना, बूट, 'टेबलावरच्या सगळ्यांना', सलाम, पाच आठवडे.  सांगून झाल्यावर मला वाटलं आता टोचेल, ओरडेल. माझी तयारी होती. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तो बूट मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. एवढी जपून चालणारी बाई तरी मरते, हे लिहवेना मला. तू तिकडे बाळंत होत होतीस. मला भीती वाटली."

मग म्हणाली, "माझा मत्सर केलास, बोलली असतीस तर भांडलो असतो. दोन दिवस. काकांना का मधे उभं केलंस?"

मी मुलीला दुपट्यात गुंडाळायला लागले.

आम्ही मुलीला घेऊन तशाच त्यांच्याकडे गेलो. दुकानाच्या मागची खोली त्यांची. दार लावलेलं होतं. टाचणीनं कडी वाजवली. "काका, मी. चुकले. ही बोलली मला सगळं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही.

"सांगितलंस शेवटी," ते आतून म्हणाले. हे मला होतं. "एक गोष्ट मी नीट करून दाखवली होती, तीही ठेवली नाहीस."

"काका, दार उघडा ना," टाचणी म्हणाली. "शनिवारी या. तुमच्याशिवाय नाही बसणार कुणी."

"सूत्रधारबाई, तुम्ही बोलावून विचारलंत, मी हो म्हणालो. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, 'खरंच का हो काका?' चार वर्षं शेजारी बसलो. लगेच पटलं तुम्हाला."  मग, "आता जा तुम्ही. पोरीला वाऱ्यात उभं करू नका."

टाचणी खाली पायरीवरच बसली. तिला रडताना मी कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

तिनं ती तीन प्रकरणं फाडून टाकली. मी माझं मत काढलं नाही. त्याच्याखाली माझ्या खऱ्या नावानं लिहिलं की बूट कोणत्याच पानावर नाही, तो टेबलावर होता, मी तेव्हा दवाखान्यात होते आणि जळत होते. लोकांनी त्यावरही वाद घातला. कुणी म्हणे प्रामाणिक, कुणी म्हणे ही जाहिरातीची युक्ती. चालू द्या.

पण काका आम्हाला दार उघडत नाहीत. मी दर गुरुवारी जाते. काचेतून मला पाहिलं की 'बंद'ची पाटी फिरवतात. गिऱ्हाईक आलं तर उघडतात, म्हणजे माणसांवर राग नाही, आमच्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. टाचणीचा भाऊ रुग्णवाहिका थांबवून एकदा डोकावला, त्यालाही "बरा आहे, बरा आहे" म्हणून वाटेला लावलं. परवा मी समोरच्या बाजूनं, त्यांना दिसणार नाही असं उभं राहून बघितलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली आहे. आणि रंग. छटा ओळखण्यात माझी नऊ वर्षं गेली आहेत, या बाबतीत तरी माझ्यावर विश्वास ठेवा: डोळ्यांखालचा तो पिवळा थकव्याचा नाही. त्यांना कुणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं, आणि ते काम माझ्या हातून होणार नाही.

म्हणून हे लिहिलं. बस आगाराच्या मागची गल्ली, किल्ल्या बनवणारा आणि ड्रायक्लीनर यांच्या मधलं अरुंद दुकान. तुमच्या घरात एखादा काटा असेलच, नसेल तर कुणाचा तरी मागून न्या. दुरुस्तीला दिला की ते बसा म्हणतील; बसा. डावा कान जरा कमी आहे, उजव्या बाजूनं बोला. जेवलात का, विचारा, आणि 'हो' म्हणाले तर काय जेवलात तेही विचारा. डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. माझं नाव काढू नका. आणि काय दिसलं ते मला कळवा, आज जमलं तर आजच.